डोंगराच्या अंगातलं मीठ

माझी पहिली नोकरी पाण्यातलं मीठ मोजायची होती. घरी सांगितलं तेव्हा आई हसली. खाडीकाठच्या गावात मीठ मोजायला पगार देऊन माणूस ठेवतात आणि त्यासाठी बी.एस्सी. व्हावं लागतं, हे तिला काही केल्या पटेना.

आमचं गाव दिघीच्या खाडीपासून जवळ. गावामागे डोंगर आहे आणि त्याच्या समुद्राकडच्या उतारावर तेव्हा दाट रान होतं. ऐन, किंजळ, जांभूळ, अंजनी, मधूनमधून हिरडा. मुंबईहून एक संशोधक बाई तिथे काम करायला आल्या. रानातून क्लोराइड कसं फिरतं ते त्यांना पाहायचं होतं. क्लोराइड म्हणजे मिठातलाच एक भाग. लाटा फुटतात तेव्हा खाऱ्या पाण्याचे बारीक कण उडतात, वाऱ्याबरोबर डोंगरावर येतात आणि पानांवर बसतात. पाऊस ते धुऊन मातीत नेतो. मुळं त्यातलं थोडं वर ओढतात, ते पानात जातं, पान गळलं की पुन्हा मातीत येतं. उरलेलं ओढ्याला लागतं आणि ओढा खाडीला मिळतो. पुस्तकांत लिहिलेलं होतं की क्लोराइड वाटेत कुठे थांबत नाही, पाण्याबरोबर येतं आणि पाण्याबरोबर जातं. बाईंना ते खरं वाटत नव्हतं. त्यांना एक मदतनीस हवी होती आणि रान ओळखणारा एक वाटाड्या. मदतनीस मी झाले. वाटाड्या माझे वडील.

बाबांनी आयुष्यभर त्या रानाची राखण केली होती. उतार गावाच्या सामायिक मालकीचा, आणि गावकीने त्यांना राखणदार नेमलेलं. लाकूड चोरणारे बहुतेक ओळखीचेच असत, त्यामुळे गावात त्यांचं फारसं कुणाशी जमलं नाही. घरातही ते कमी बोलत. मी कॉलेजात काय शिकते हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. पण त्या दोन वर्षांत दर मंगळवारी आम्ही दोघं बरोबर डोंगर चढलो, आणि मला माझे वडील तेव्हाच काय ते कळले.

काम सोपं होतं पण किचकट. एक कॅन उघड्या जागेवर, तोंडाला नरसाळं लावलेला. तसेच पाच कॅन झाडांखाली. मातीत पुरलेल्या नळ्या होत्या, त्यांतून मातीतलं पाणी ओढून घ्यायचं. गळलेली पानं पकडायला जाळ्या बांधल्या होत्या. शेवटी ओढ्यातली बाटली. सगळं पिशवीत घालून मी एस.टी.ने तालुक्याच्या कॉलेजात जायची. तिथे प्रयोगशाळेत मला खिडकीजवळचं एक टेबल दिलं होतं. पाण्यात पिवळं द्रावण घालायचं आणि वरून ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेट थेंब थेंब सोडायचं. आधी दुधासारखं पांढरं होतं. पाण्यातलं क्लोराइड संपलं की एका थेंबाला सगळं विटकरी होतं. जितके थेंब जास्त लागले, तितकं मीठ जास्त.

झाडाखालचं पाणी उघड्यावरच्या पावसापेक्षा कितीतरी पट खारं निघायचं. पहिल्यांदा मला वाटलं माझंच चुकलं. बाबांना सांगितलं तर त्यांना त्यात काही नवल वाटलं नाही.

"पान म्हंजे चाळण," ते म्हणाले. "वाऱ्यातलं मीठ तिथंच अडतं. म्हणून तर पल्याडच्या वाडीत आंब्याला मोहर टिकतो. हे रान न्हाय तर ती वाडी न्हाय."

ती वाडी म्हणजे उताराच्या मागे, खिंडीजवळची पाच-सहा घरं. आमच्या शेवटच्या नळीपासून हाकेच्या अंतरावर. तिथे एक काकी एकट्या राहायच्या, बाबांच्याच वयाच्या. नवरा गेलेला, मुलगी पनवेलला दिलेली. दारात आंब्याची आठ कलमं, एक फणस आणि घरामागे झरा. मंगळवारी आम्ही उतरताना त्या कोरा चहा द्यायच्या आणि बाटल्यांकडे बघून विचारायच्या, "भाऊ, झालं काय मीठ मोजून? किती निघालं?" बाबा म्हणायचे, "हाय अजून डोंगरात."

ते खरंच होतं. दोन पावसाळे मोजल्यावर हिशेब लागेना. जेवढं क्लोराइड वरून आत जात होतं, तेवढं ओढ्यातून बाहेर येत नव्हतं. बाईंना तेच हवं होतं. कुजलेल्या पानांच्या थरात, मुळांच्या जाळ्यात ते धरून ठेवलं जात होतं. त्या इतक्या खूश झाल्या की पुढच्या खेपेला बाबांसाठी टॉर्च घेऊन आल्या.

मग वादळ आलं. जूनचे सुरुवातीचे दिवस. तोंडाला मास्क बांधून फिरायचा तो काळ, त्यामुळे बाई मुंबईत अडकलेल्या. वादळाबद्दल मी इथे फार लिहीत नाही, ज्याच्या घरावरून गेलं त्याला ते माहीत आहे. आमचे पत्रे गेले. आईच्या खांद्याला लागलं. चौथ्या दिवशी रस्त्यावरची झाडं तोडून वाट झाली, तेव्हा मी आणि बाबा डोंगरावर गेलो.

रानाचा चौथा हिस्सा तरी आडवा झाला होता. पण मला धक्का बसला तो उभ्या झाडांचा. समुद्राकडची सगळी पानं तांबूस तपकिरी, कुणी खालून आग लावावी तशी. मी एक पान जिभेला लावलं. खारट. वाऱ्याने लाटाच उचलून इथवर आणल्या होत्या. आमचे कॅन सापडले नाहीत. एक नरसाळं मात्र फांदीत अडकलेलं दिसलं.

बाबा एका ऐनाजवळ गेले आणि कोयत्याच्या टोकाने थोडी साल खरवडली. आत हिरवं होतं. मग दुसरं झाड. तिसरं. किंजळ, जांभूळ. प्रत्येक ठिकाणी हिरवं. दुपारपर्यंत ते तेवढंच करत होते. मी मागून पानं गोळा करून पिशव्यांवर नंबर टाकत होते.

"जीव हाय," उतरताना ते म्हणाले. "पानं टाकतील. दीड-दोन महिन्यांत बघ."

कॉलेजात वीज नव्हती, पण माझ्या कामाला वीज लागत नाही. पानं खलात कुटली, राहिलेल्या डिस्टिल्ड पाण्यात भिजवली, गाळली. ब्युरेट रिकामं झालं तरी पाणी विटकरी होईना. परत भरावं लागलं. इतकं क्लोराइड मी पानांत कधी पाहिलं नव्हतं. एका कागदावर मी आकडे मांडले, खाली लिहिलं, 'पानांतील क्लोराइडचे प्रमाण अत्यंत जास्त, पाने पूर्णपणे करपलेली.' कागदाचा फोटो बाईंना पाठवायला जेट्टीपर्यंत चालत जावं लागलं, तिथेच काय ती रेंज होती. फोनवर त्या म्हणाल्या, "एक प्रत गावालाही देऊन ठेव, त्यांना उपयोग होईल."

मी दिली.

दोन आठवड्यांनी शाळेच्या खोलीत सभा झाली. पडलेली झाडं उचलायचा ठेका द्यायचा होता, आणि त्याला परवानगी देणारे साहेब तालुक्याहून आले होते. गावकीच्या प्रमुखांच्या हातात माझा कागद. त्यांचं म्हणणं होतं की उभी झाडंही मेलेली आहेत, ती आज ना उद्या पडणार, तेव्हा उतार एकदाच साफ करून टाकावा. जागा मोकळी झाली की वरून समुद्र दिसेल, पर्यटकांसाठी काहीतरी करता येईल. हरिहरेश्वरला, काशीदला लोक येतात, मग आपल्याकडे का नाही? घरं पडलेल्या माणसांना हे ऐकायला बरं वाटत होतं. त्यांनाही मी दोष देत नाही.

साहेबांनी मला पुढे बोलावलं. "या मॅडम, बसा." कुणीतरी खुर्ची सरकवली. मला त्या दिवसापर्यंत कुणी मॅडम म्हटलं नव्हतं. बाबा दारात उभे होते, हातात कोयता असल्यामुळे असेल, पण आत आले नाहीत.

"हे तुम्हीच तपासलंय ना?" साहेबांनी विचारलं.

"हो."

"म्हणजे झाडं मेलीत."

"पानं करपलीत," मी म्हटलं.

"तेच. पानं पूर्ण करपली म्हणजे झाड गेलं."

दारातून बाबांचा आवाज आला. "न्हाय साहेब. साल खरवडून बघा. आत हिरवं हाय. मेलेलं झाड मी वळखतो."

प्रमुख हसले. "भाऊ, तुमचा जीव आहे रानावर, आम्हाला माहीत आहे. पण शिकलेल्या माणसाने तपासलंय. तुमच्याच मुलीने."

सगळे माझ्याकडे बघत होते. बाबासुद्धा. मला माहीत होतं की पानातलं क्लोराइड झाड मेलंय की जगलंय हे सांगत नाही. ते एक वाक्य मला बोलायचं होतं. पण मला वाटलं, साहेब उलट काही विचारतील आणि मला उत्तर येणार नाही. वाटलं, बाईंना न विचारता मत द्यावं की नाही. आणि हेही लिहायला हवं, की त्या खुर्चीवर मला बरं वाटत होतं, आणि वडिलांच्या बाजूने बोलले असते तर मी पुन्हा राखणदाराची मुलगी झाले असते. मी मान खाली घालून कागदाकडे बघत राहिले. साहेबांनी खाली सही करायला सांगितली. मी केली.

मान वर केली तेव्हा दारात बाबा नव्हते.

जुलैच्या अखेरीस झाडं फुटली. खोडांवरच पालवी आली, लालसर, दाट, अंगभर पुरळ उठावा तशी. बाबांनी मला बोलावलं नाही. मीच मंगळवारचे नवे कॅन लावायला गेले आणि पाहिलं. तशीच खाली आले आणि प्रमुखांच्या घरी गेले. ते जेवत होते.

"काका, झाडं जिवंत आहेत. फुटवे आलेत. तुम्ही येऊन बघा."

त्यांनी हात धुतला. आवाज चढवला नाही. "बाळा, मंजुरी निघालीय. तुझ्याच कागदावर निघालीय. आता तू म्हणणार का की तो कागद खोटा होता?"

"कागद खरा आहे. पण त्याचा अर्थ..."

"अर्थ तेव्हा सांगायचा होतास."

मी तालुक्याला साहेबांकडेही गेले. ते भेटले नाहीत. बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या की आपण पत्र लिहू. त्यांनी लिहिलंही. त्याचं पुढे काही झालं नाही.

भातकापणी झाल्यावर मशीन आली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो आवाज गावात ऐकू यायचा. ठेकेदाराने बाबांना लाकडाच्या ढिगांवर राखण करायला विचारलं, चांगला पगार देतो म्हणाला. बाबा म्हणाले, "मी उभ्या झाडांची राखण करायचो." पुढे रोज सकाळी ते नेहमीप्रमाणे कोयता घेऊन निघायचे आणि वाडीत काकींच्या ओट्यावर जाऊन बसायचे. काकी सांगायच्या, दिवसभर एक शब्द नाही. झाड पडल्याचा आवाज झाला की फक्त त्याचं नाव घ्यायचे. ऐन. किंजळ. आवाजावरून ओळखायचे.

माझं काम चालूच होतं. बाई म्हणाल्या, आता तर हे जास्तच मोजायला हवं. मला त्या वेळी त्यांचा राग आला होता, पण त्यांचं बरोबर होतं. बाबाही मंगळवारी येत राहिले. बाटल्या धरायचे, वाट दाखवायचे, पण माझ्याशी कामापुरतं बोलायचे. "धर." "सांभाळ." "भरली."

पुढच्या पावसाळ्यात उघड्या उताराची माती सुटली. ओढा लाल आला. त्या पाण्यात क्लोराइड एकदम वाढलं. वादळाचं मीठ तर आदल्या पावसातच धुऊन गेलं होतं. हे जुनं होतं, कितीतरी वर्षांचं, पानांच्या कुजलेल्या थरात धरून ठेवलेलं. वर झाडं नाहीत, मुळं मेली, थर वाहून गेला, तेव्हा डोंगराने ते सोडून दिलं. जिभेला कळावं इतकं ते खारट कधीच नव्हतं. फक्त ब्युरेटला कळत होतं. बाबांना मी आकडा दाखवला.

"हं," ते म्हणाले. "आतलं बाहेर पडतंय."

गाळाने काकींचा झरा बुजला. त्यांनी आणि बाबांनी फावड्याने दोनदा मोकळा केला, तिसऱ्यांदा तो जानेवारीतच आटला. पूर्वी मे महिन्यातही त्यात हंडा बुडायचा. त्याच महिन्यात कलमांना मोहर आला आणि समुद्राकडच्या बाजूने काळा पडून गळाला. आठही झाडांचा. दुपारचा खारा वारा आता अडत नव्हता. काकींनी मला करपलेला मोहर हातात आणून दिला. "हे घेऊन जा. मोज ह्यातलं." त्यात टोमणा होता की नाही, मला अजून सांगता येत नाही. मी मोजलं. पाणी विटकरी व्हायला फार वेळ लागला.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी बाबांसमोर बसले. ते विळ्याला धार लावत होते.

"बाबा, हे माझ्यामुळे झालं."

ते घासत राहिले. 

"तुझ्यामुळे न्हाय," शेवटी म्हणाले. "त्यांना तोडायचंच होतं. तुझा कागद नसता तर दुसरा आणला असता."

मला रडू आलं, सुटल्यासारखं. तेव्हा त्यांनी वर पाहिलं.

"पण तू बोलायला हवं होतंस. मी अडाणी, माझं कोण ऐकणार. तू त्यांच्या भाषेत बोलू शकत होतीस. म्हणून तर शिकवलं."

 आईने जेवायला हाक मारली, तेव्हा ते उठले आणि जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले. आम्ही त्यावर परत बोललो नाही.

एप्रिलमध्ये त्यांना लकवा मारला. पाण्याचा भरलेला हंडा खांद्यावर घेऊन वाडीकडे वर चढत होते. काकींचा झरा आटल्यापासून ते आमच्या विहिरीचं पाणी त्यांना नेऊन द्यायचे, हे मला त्या दिवशी कळलं. काकींच्या ओरडण्याने लोक धावले. अलिबागला नेलं. डॉक्टरांनी जे करायचं ते केलं, पण उजवी बाजू आणि वाचा गेली. चार महिने ते अंथरुणावर होते. मी कामावरून आले की त्यांना दिवसभराचं सांगायची. एकदा रान तोडल्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यातला आकडा सांगितला. ओढ्यातलं क्लोराइड पुन्हा कमी झालं होतं, रान असताना होतं त्याहूनही खाली. कुणाला वाटेल पाणी सुधारलं. तालुक्याहून आलेल्या एका माणसाने अहवालात तसं लिहिलंही, 'पाण्याच्या गुणवत्तेत सुधारणा.' खरं म्हणजे वाऱ्यातलं मीठ पकडायला तिथे पानच उरलं नव्हतं. ते सरळ मागे जात होतं, कलमांवर, घरांवर. डोंगरातलं जुनंही संपलं होतं. बाबांनी ऐकलं आणि डावा हात उचलून पालथा केला, भांडं उपडं करावं तसा.

ऑगस्टमध्ये ते गेले. पाऊस इतका होता की लाकडं पेटायला डिझेल घालावं लागलं.

काकी दिवाळीनंतर मुलीकडे पनवेलला गेल्या. घराला कुलूप लावून चावी आईकडे ठेवली. त्यांच्या मागोमाग वाडीतली आणखी तीन घरं उठली. उरलेल्या दोन घरांना उन्हाळ्यात टँकर येतो, तोही खिंडीच्या अलीकडेच थांबतो. वरून समुद्र छान दिसतो. पर्यटकांसाठी एक सिमेंटचा बाक बांधला आहे. लोक येतात, फोटो काढतात, सावली नाही म्हणून लगेच खाली उतरतात.

बाईंचा लेख छापून आला. आमच्या डोंगराच्या आकड्यांवरून त्यांनी दाखवून दिलं की रानाची माती क्लोराइड धरून ठेवते आणि रान गेलं की सोडते. चांगला लेख आहे. माझं नाव त्यात आहे. मी तो दोनदा वाचला आणि कपाटात ठेवला. आता मी त्याच कॉलेजात प्रयोगशाळेत नोकरी करते आणि पंचायतींच्या विहिरींचं पाणी तपासते.

गेल्या पावसाळ्यात गावकीने उतारावर झाडं लावली. कुठून तरी आलेली रोपं, एकाच जातीची, सरळ रांगेत. दिवाळीपर्यंत त्यांच्या पानांच्या कडा तपकिरी झाल्या. मी पानं आणून तपासली, अहवाल लिहिला आणि त्यात कुणी न विचारता दोन वाक्यं घातली. एक, की ही रोपं खाऱ्या वाऱ्यात टिकणार नाहीत, आधी खाली समुद्राच्या बाजूने खारं सोसणारी झुडपं लावून आडोसा करावा लागेल. दुसरं, की तोडलेल्या ऐन-किंजळाच्या काही खुंटांना अजून फुटवे येतात, त्यांना गुरांपासून राखलं तर तेच लवकर वाढतील. त्यासाठी पगारी राखणदार नेमावा.

सभेत मी ते उभी राहून वाचलं. नवे प्रमुख ऐकत होते. कुणी विरोध केला नाही. राखणदार कोण होणार, असं एकाने विचारलं, तेव्हा खोलीत कुणीच हात वर केला नाही. विषय पुढच्या सभेवर गेला. ती सभा अजून झालेली नाही. मधल्या काळात गुरं दोनदा उतारावर चरून गेली.